भूल देण्याआधी

सांगली
३ फेब्रुवारी २०२५

दादासो,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. ते वाचून तू पत्र तिथेच मिटशील अशी भीती वाटली. म्हणून एकदम कामाचं बोलते.

संयोगिताच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन तुम्ही ठरवलंय असं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. उंब्रजपासून आपल्या वस्तीपर्यंत कुठली गोष्ट झाकून राहते? पोरगी भरतीसाठी रोज पळायला जाते, शेजारच्या रानातल्या मंगलच्या रेशमाच्या शेडपाशी थांबून पाणी पिते, आणि दोघी बोलतात. तू बांधापलीकडे बघत नाहीस म्हणून तुझी लेकही बघणार नाही, असं थोडंच आहे?

ऑपरेशन करू नकोस असं मी म्हणत नाही. पडद्याला भोक असलं की लष्कराचे डॉक्टर अनफिट करतात आणि तिच्या वयाची अट सरत आलीय, हे मला ठाऊक आहे. कर ऑपरेशन. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी एक वाक्य सांग. ‘आमच्या घरातला एक माणूस भूल दिल्यावर टेबलावरच गेला, अंग तापून आणि ताठून.’ एवढंच. पुढं काय करायचं ते त्यांना कळतं. भुलेची औषधं नाना तऱ्हेची असतात. वाईट तेवढी टाळून दुसरी देता येतात. पण कुणी सांगितलंच नाही तर ते नेहमीचीच देणार.

लालाकाकांचं नाव घेऊ नकोस हवं तर. रजेवर आलेला तरणाताठा फौजी, आबांचा सख्खा भाऊ, कऱ्हाडच्या एका दवाखान्यात अपेंडिक्सच्या ऑपरेशनला चालत गेला आणि उठला नाही, हे आजोबांनी गावाला कळू दिलं नाही. सीमेवरून आणलेला ताप डोक्यात गेला म्हणून सांगितलं. गावानं शाळेपुढच्या स्तंभावर त्यांचं नाव कोरलं. आता माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष म्हणून तू दर सव्वीस जानेवारीला त्या नावाला हार घालतोस. घाल. मला त्या दगडाशी भांडायचं नाही. मला फक्त पोरगी हवी आहे.

माझा नंबर तू अडवून ठेवलायस. म्हणून पत्र. तू फौजेत होतास तेव्हा मी अशीच लिहायची आणि तू ती साऱ्या बराकीला वाचून दाखवायचास. हे कुणाला दाखवू नकोस, पण वाच.

तुझी
आक्का


सांगली
७ फेब्रुवारी

दादासो,

पत्र पोचल्याचा संदेश टपालखात्याकडून आला, तुझ्याकडून नाही. तुझं नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे लहानपणापासून माहीत आहे. या खेपेला नाक दाबायला माझ्या हातात काही नाही, म्हणून मीच बोलत राहते.

आधी तुला राग आहे त्याचंच बोलू. तू उसातल्या खोडकिडीवर औषध मारलंस, वारं होतं, औषध मंगलच्या तुतीवर गेलं आणि तो पाला खाऊन तिच्या अळ्या गेल्या. कोष करायच्या बेतात आलेल्या अळ्या ताटात आखडून पडलेल्या मी पाहिल्या. पंचांनी विचारलं, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे तपासलं ते सांगितलं. ‘घरची बहीण परक्याच्या बाजूनं उभी राहिली’ असं तू म्हणालास आणि त्या वर्षापासून भाऊबीज बंद झाली. आज परत विचारलं तरी मी तेच सांगेन. पण औषध काय करतं हे सांगायला लागले तेव्हा तू उठून गेलास. आता बस आणि ऐक, कारण ते तुझ्या लेकीच्या कामाचं आहे.

स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचं कोठार असतं आणि कोठाराला झडप असते. झडप उघडली की कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आखडतो. ते परत आत ओढलं गेलं की स्नायू सैल पडतो. पापणी मिटण्यापासून तुझ्या परेडपर्यंत सगळं यावर चालतं. तुझं औषध किड्याची झडप उघडीच ठेवतं. अळी आखडते, खायची थांबते, संपते. औषध थोडं गेलं आणि अळी वाचली, तरी ती धड राहत नाही. मी त्या वाचलेल्यांवरच काम करते. किड्यांनाही आपली फौज असते, दादासो. अंगात कुसळ घुसलं की रक्तातल्या पेशी धावत येतात, त्याच्याभोवती थरावर थर देतात आणि तो गोळा काळा पडतो. कॅल्शियमचं गणित बिघडलं की या पेशी ढिल्या पडतात, थर अर्धवट राहतात, आणि एरवी पचवला असता अशा रोगानं अळ्या मरतात. मंगलच्या राहिलेल्या अळ्या तशाच गेल्या.

माणसातही तशीच झडप आहे, जरा वेगळ्या घडणीची. तुझ्या औषधाला ती दाद देत नाही, म्हणून पंप पाठीवर घेऊन तू ठणठणीत राहिलास. पण काही घराण्यांत ती जन्मापासून कच्ची असते. एरवी कळतही नाही. भुलेचा ठराविक वायू नाकात गेला, किंवा अंग सैल करायची ठराविक सुई दिली, की झडप उघडते ती मिटत नाही. आधी जबडा घट्ट बसतो. मग सगळं अंग ताठतं, आणि आतले सगळे स्नायू एकदम राबायला लागल्यावर ताप भट्टीसारखा चढतो.

हे मी पुस्तकातून कितीदा शिकवलं असेल. घरातलं म्हणून कधी डोक्यात आलं नाही. पहिलं पत्र लिहायच्या आधी मंगलनं सांगितलं, गेल्या महिन्यात पळून आल्यावर संयोगिताच्या मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवीला कोऱ्या चहासारखं झालं. तू म्हणालास, उन्हाचं असेल. स्नायू फुटले की लघवी तशी होते. तेव्हा कुठं मला लालाकाका आठवले. मग मी बनुकाकीकडं गेले.

काकी आता माहेरच्या घरात एकटीच असते. लालाकाकांचं विचारल्यावर आधी देव्हाऱ्यात दिवा लावला. मग म्हणाली, “मेल्यालं माणूस गार पडतं गं. ह्यांचं अंग तव्यावानी तापल्यालं. आंघुळ घालाया बाया हात लावंनात.” आणि तोंडात तुळशीचं पान घालायची वेळ आली तर दातखीळ सुटेना. काकी म्हणाली, “दवाखान्यातनंच तसं आणलं व्हतं. पान शेवटाला व्हटावर ठिवलं. पानी पोटात न्हाई गेलं त्यांच्या.” तिला अजून त्याचंच वाईट वाटतं, की नवरा तहानेला गेला. पाणी पाजायला कुणाला पुढं केलं होतं ते तिला आठवत नाही. पोटी मूल नव्हतं, कुणीतरी घरचंच असेल.

बायकांनी हे सगळं पाहिलं, धुतलं, पुसलं, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. पुरुषांनी ताप म्हटलं आणि ताप झाला. मायक्रोस्कोपखाली तो काळा गोळा दिसतो तेव्हा मला आता आपलंच घर आठवतं. एक थर आजोबांनी दिला, एक आबांनी, आणि आता तू देतोयस.

काकीच्या देव्हाऱ्यात लालाकाकांचा फौजेतला, नाव-नंबर कोरलेला बिल्ला अजून आहे, हळदीकुंकवानं माखलेला. संयोगिता लहान असताना तो गळ्यात घालून अंगणभर कवायत करायची, आणि कुणी काढायला गेलं की आकाशपाताळ एक करायची. काकीनं तिची आठवण काढली. मी तिला ऑपरेशनचं सांगितलं नाही.

एक वाक्य, दादासो.

आक्का


सांगली
११ फेब्रुवारी

दादासो,

काल तू फाटकाच्या आत उभा होतास आणि मी बाहेर, आणि मधे तुझं कुत्रं. त्याला मी ओळखू आले, ते शेपूट हलवत होतं. तेवढंच काय ते स्वागत.

तू काय म्हणालास ते जसंच्या तसं लिहिते. पुढं कधी तू म्हणशील की मी असं म्हणालोच नाही. “आक्का, तू किड्यांची डॉक्टर हायस. माझ्या लेकीला किड्यांत धरू नगं.” मग तू म्हणालास की लष्करात तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तुला काही झालं नाही. दादासो, तुला कमरेत सुई दिली होती. तू शुद्धीत होतास, डॉक्टरांशी क्रिकेटवर बोलत होतास, तूच मला पत्रात लिहिलं होतंस. त्यात तो वायू नसतो. माझ्या बाळंतपणातही कमरेतलीच सुई होती. आपण दोघं वाचलो ते नशिबानं, म्हणून पोरीचं नशीब कशाला बघायचं?

त्यानंतरचंही लिहिते. तुझा आवाज खाली आला होता. “कागदावर एकदा का लिवलं घराण्यात आजार हाय, की पोरगी कायमची अनफिट. लय मेहनत केलीया तिनं. तिचं सगळं मी माझ्या तोंडानं घालवू?”

मी तुला खोटं सांगू शकले असते की असं काही होत नाही. पण होतं. हे वाक्य सांगितलंस तर ती बहुतेक फौजेत जाणार नाही. तिला धावपळीनंही कधी दगा होऊ शकतो, म्हणून ते नाही म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही. मी तुझ्याकडून पोरीची वर्दी मागतेय हे मला कळतं. पहाटे उठून तिचा डबा भरणारा बाप तू आहेस, मी लांबून उंटावरून शेळ्या हाकणारी. तरी मागते. वर्दी नसलेली पोरगी घरात रडेल, चिडेल, ताट भिरकावेल. ते मला चालेल.

खिडकीत ती उभी होती. बाहेर आली नाही. तिला किती ऐकू गेलं कोण जाणे, चांगला कान आपल्या बाजूला होता. माझ्याकडे बघून तिनं पडदा ओढला. ती एकवीस वर्षांची आहे. तिला तू काय सांगितलंयस? डॉक्टर तिलाही विचारतात, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का म्हणून. तिनं ‘नाही’ म्हणायचं असं तू शिकवलंयस का? तसं असेल तर देवासाठी ते तरी मागं घे.

कुठल्या दवाखान्यात आणि कधी, ते तू सांगितलं नाहीस. मी येऊन गोंधळ घालीन म्हणालास. घालीनच.

आता नीट वाच, हे सगळ्यात महत्त्वाचं. अशा वेळी एकच औषध उपयोगी पडतं. डँट्रोलीन. ते झडप मिटवतं. आपल्याकडं ते फार थोड्या ठिकाणी ठेवतात, कारण हा प्रकार क्वचित होतो आणि तोवर औषधाची मुदत संपून जाते. पुण्यातल्या एका भूलतज्ज्ञ बाईंच्या हातापाया पडून मी त्याच्या बाटल्या मिळवल्या आहेत. इस्लामपूरच्या कॉलेजात, माझ्या विभागातल्या कपाटात सीलबंद ठेवल्या आहेत. किल्ली माझ्याबरोबर काम करणाऱ्या विश्वजित सरांकडे आहे. त्यांचा नंबर खाली लिहिते. ते कधीही निघतील, मी सांगून ठेवलंय. मी सांगलीत राहते, तू उंब्रजकडे. इस्लामपूर आपल्या मधे आहे, म्हणून तिथं ठेवल्या. तुझा माझ्यावर विश्वास नाही, ठीक. हा कागद तेवढा खिशात ठेव.

मला भीती वाटते रे. सकाळी अळ्यांना पाला घालते आणि एखादी जरा निश्चल दिसली की थांबते. बोटानं हलवून बघते. हलली की पुढच्या ताटाकडे जाते.

आक्का


सातारा, एसटी स्टँड
१४ फेब्रुवारी

दादासो,

हे पत्र टपालात टाकून काय उपयोग, ते मलाही कळत नाही. पण हात रिकामे राहिले की वेड लागेल.

मंगलचा फोन आला. तुम्ही तिघं सकाळीच गाडीत पिशव्या टाकून गेलात आणि पोरीनं काही खाल्लं नव्हतं. उपाशी म्हणजे आजच. तुझ्या पलटणीतला तो दोस्त साताऱ्यात असतो, भावजयीची बहीणही इथंच, म्हणून मी सरळ साताऱ्याची गाडी धरली. पोवई नाक्यापासून सुरू केलं. कानाचे म्हणून जेवढे दवाखाने कुणी सांगितले तेवढे पालथे घातले. प्रत्येक टेबलापाशी तेच. “कोण पाहिजे?” संयोगिता. “तुम्ही कोण?” आत्या. “मग तुम्हाला माहीत नाही का कुठं ॲडमिट आहे?” एका पोरीला माझी दया आली, तिनं वही चाळून बघितली, अशा नावाचं कुणी नाही म्हणाली. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थानं मला बाकावर बसवून पाणी दिलं आणि म्हणाला, “आवं ताई, घरचं भांडण हाय का? मग घरीच मिटवा की.”

मिटवते बाबा. मिटवते. तू म्हणशील तर त्या पंचांपुढं जाऊन सांगते की माझंच सगळं चुकलं, तुझं औषध नव्हतं, मंगलच्या अळ्या हवेनं मेल्या. आजवर जे बोलले नाही ते बोलते. खोटं बोलते. तुझी शेतं, तुझा दगड, तुझा हार, सगळं तुझं. मला फक्त त्या दरवाजाबाहेर उभं राहू दे, म्हणजे आत जाणाऱ्या डॉक्टरांचा हात धरून मी एक वाक्य सांगीन.

लहान असताना मला पोटऱ्यांत गोळे यायचे तेव्हा तू हसायचास आणि मग तूच चोळून द्यायचास. आठवतं? कुणी सांगावं, तेही हेच असेल.

आता कऱ्हाडला जाऊ का? की आधीच सगळं उरकलं असेल आणि पोरगी शुद्धीवर येऊन पाणी मागत असेल, आणि मी इथं वेड्यासारखी. तसं असू दे. देवा, मी वेडी ठरू दे. सगळ्या भावकीत माझं हसं होऊ

फोन वाजतोय. तुझं नाव आहे.


वस्तीवरून
२० एप्रिल

आक्का,

फौजेतून लिहायचो तेव्हा वर ‘इकडील सर्व क्षेम’ असायचं. आता तसं लिहवत नाही. पण पोरगी आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तू तिच्या उशाला बसायचीस तेव्हा आपण दोघं बोललोच नाही. तू विचारलं नाहीस, मलाही तोंड नव्हतं. तोंडी जमणार नाही म्हणून लिहितोय.

आम्ही साताऱ्याला गेलोच नव्हतो. तू साताऱ्यातच शोधशील हे धरूनच मी सांगलीतला दवाखाना धरला, तुझ्या घरामागच्या गल्लीतला. मला वाटलं मी लय हुशार.

आदल्या दिवशी तपासणीला आणलं होतं तेव्हाच भुलेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं. संयोगिता ‘नाही’ म्हणाली. मीच शिकवलं होतं. तू लिहिलंस ते बरोबर होतं. आत नेल्यावर जरा वेळानं बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, “घरात कुणी भुलेत गेलंय का? आताच आठवा.” मी म्हणालो, न्हाई. बायकोनं माझ्याकडं बघितलं. बाई आत गेल्या आणि लगेच परत आल्या. मास्क खाली ओढलेला. म्हणाल्या, “जबडा उघडत नाहीये. ताप चढतोय. मी वायू बंद केलाय. खरं सांगा.”

जबडा म्हटल्यावर माझी ही दोन बोटं गार पडली, आक्का. उजव्या हाताची.

पाणी मी पाजलं होतं. काकीला आठवत नसेल, मला आठवतं. काकांना पोर नव्हतं म्हणून मला पुढं केलं. मी चड्डीतला पोरगा. काकांच्या ओठाला बोट लागलं ते चटका बसावं तसं गरम. दात घट्ट. मी म्हणालो, काका जिता हाय. आजोबांनी सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. मग मागच्या दारी नेऊन सांगितलं, “ह्यातलं एक अक्षर भाईर बोलायचं न्हाई. फौजीचं घर हाय.” मी बोललो नाही. बायकोला नाही, तुला नाही. मला वाटायचं काका खरंच जिवंत होते आणि आपण त्यांना जाळलं. एवढा मोठा झालो तरी वाटायचं. म्हणून तो हार घालायचो. तुझं दुसरं पत्र मी फोडलंच नव्हतं. फोडलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की ते घट्ट दात आणि तो ताप आजाराचा होता, काका मेलेच होते.

मग मी बोललो. तुझं वाक्य पाठ होतं, पहिलं पत्र मी वाचलं होतं. जसंच्या तसं म्हणालो, नाव घेऊन. लालासाहेब, माझा सख्खा चुलता. बाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. बाकीची पत्रं पिशवीत होती. घरी ठेवली तर पोरगी वाचेल म्हणून बरोबर घेतली होती. तिथंच फोडली. औषधाचं आलं तसा तो कागद आत पाठवला आणि तुला फोन लावला. “आक्का, कुठं हायस?” तू म्हणालीस, “साताऱ्यात.” पुढचं तुला माहीत आहे. तू विश्वजित सरांना सांगितलंस, तू ओरडत होतीस, मला काही कळत नव्हतं.

सर आले ते पळतच जिना चढले. तोवर आत बर्फाच्या पिशव्या लावत होते. पिशव्या जाताना दिसायच्या आणि वितळून परत येताना दिसायच्या. ते औषध पावडर असतं आणि पाण्यात लवकर विरघळत नाही, हे तू लिहिलं नव्हतंस. सिस्टर, वॉर्डबॉय, सर, सगळे बाटल्या हलवत होते. एक माझ्याही हातात दिली. मी दरवाजाला पाठ लावून हलवत बसलो. आयुष्यात एवढ्या जोरानं काही हलवलं नसेल. मधेच बायकोनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि ती हलवायला लागली.

बाई म्हणतात, जबडा कळल्याबरोबर त्यांनी वायू काढला म्हणून वेळ मिळाला, आणि औषध आलं म्हणून पोरगी मिळाली. त्यांना तेवढ्यावरून शंका आली होतीच. त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मी बोललो असतो तर किती बरं, असं त्या म्हणाल्या नाहीत. कुणीच म्हणालं नाही. तूसुद्धा नाही. तू म्हणायला पाहिजे होतंस.

किडनीचं आता ठीक आहे. पाय अजून भरले नाहीत. काठी धरून चालते. डॉक्टरांनी लिहून दिलंय, फौज नाही, पोलीस नाही, पळायचं नाही. ते ऐकून ती रडली नाही. पळायचे बूट तिनं मंगलच्या पोरीला देऊन टाकले. माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलणार नाही असं आईला म्हणाली, आत्तीमुळं माझी भरती गेली म्हणून. तिला सगळं सांगितलंय, तरी म्हणते. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तूच लिहिलं होतंस, ताट भिरकावेल ते मला चालेल. परवा भिरकावलं. आमटी भिंतीवर गेली. मी पुसली.

संघटनेच्या बैठकीत मी काकांचं खरं सांगितलं. दोघंतिघं म्हणाले नाव स्तंभावरून काढा, बाकीचे म्हणाले असू दे. अजून ठरलं नाही. काकीला जाऊन सांगितलं की काका तहानेले गेले नाहीत, तोंडच उघडत नव्हतं, आजार तसा होता. तिनं देव्हाऱ्यातला बिल्ला उचलून हातात घेतला. मग म्हणाली, “आदी का न्हाई सांगितलंस रं?” औषध मारायचं असलं की आता मंगलला आदल्या दिवशी सांगतो. तीही मान डोलावते, जास्त बोलत नाही. तिचंही बरोबर आहे.

आता कामाचं. तुझं, माझं आणि पोरीचं रक्त तपासायला बेंगलोरला गेलंय, निकाल यायचा आहे. बाई म्हणाल्या, तोवर तिघांनाही हा आजार आहे असंच धरून चाला. साताऱ्यात एक जण आम्हा माजी सैनिकांची नावं धातूवर कोरून देतो. त्याच्याकडून तीन बिल्ले करून घेतले, फौजेत असतात तसेच, गोल. वर नाव, खाली रक्तगट, आणि मागच्या बाजूला मराठीत आणि इंग्रजीत ‘भूल देण्याआधी विचारा’. कोरणारा म्हणाला, काय विचारायचं? मी म्हणालो, ते आम्ही सांगतो. तुझा या पत्राबरोबर टाकलाय. साखळी तुझ्या मापाची नसेल तर बदलून घे, पण गळ्यातून काढू नकोस. आंघोळीलासुद्धा.

संयोगिताला तिचा दिला तेव्हा तिनं बघितलाही नाही. खुंटीला अडकवला आणि तोंड फिरवून झोपली. चार-पाच दिवस तिथंच होता. लहानपणी काकीचा घालून कवायत करायची ते आठवून मला तिकडं बघवत नव्हतं. एवढी मेहनत केली ती तसला बिल्ला गळ्यात यावा म्हणून, आणि मिळाला तो हा.

आज सकाळी ती काठी घेऊन निघाली, बांधावरून मंगलच्या शेडपर्यंत एकटी चालत गेली. मी लांबूनच बघत होतो. घरात आलो तर खुंटी रिकामी होती.

तुझा
दादासो